अपघाताच्या रुग्णासाठी प्लाझ्मा ठेवावा का? महामार्गालगतच्या छोट्या हॉस्पिटलांसाठी एक तुलना

महामार्गालगत पंधरा खाटांचं हॉस्पिटल चालवणाऱ्या एका मित्राने परवा फोनवर विचारलं, "डीप फ्रीझर घेतोय. प्लाझ्मा ठेवला तर अपघाताची माणसं वाचतील ना?" मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्यापासून कणकवलीपर्यंत अनेकांना पडणारा हा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्लाझ्मा म्हणजे पेशी काढल्यावर उरणारा रक्ताचा पातळ भाग.

मोठा मार बसलेल्या साधारण चारातल्या एका रुग्णाचं रक्त हॉस्पिटलात पोचेपर्यंतच नीट गोठेनासं झालेलं असतं. अशा वेळी नुसतं सलाईन ओतलं तर बीपीचा आकडा वर दिसतो, पण उरलेसुरले गोठवणारे घटक पातळ होतात, अंग गार पडतं आणि कशीबशी धरलेली गुठळी सुटते. इंटर्नशिपमध्ये मीही दोन्ही हातांना जाड सुया लावून बाटल्यामागून बाटल्या सोडल्या आहेत. तेव्हा शिकवणच तशी होती. आता डोक्याला मार नसेल तर रक्तस्राव थांबेपर्यंत वरचा बीपी ८०-९० राहील एवढंच सलाईन द्यायचं. प्लाझ्मा जागा भरून काढतो आणि गोठवणारे घटकही देतो, म्हणून त्याचं महत्त्व.

मात्र प्लाझ्माच्या आधी ट्रानेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे धरलेली गुठळी विरघळू न देणारं औषध. या दोघांत निवड करायचीच नाही, हे आधी हवंच. २०१० च्या क्रॅश-२ अभ्यासात ४० देशांतले २० हजारांहून जास्त रुग्ण होते. मृत्यूचं प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आलं. १ ग्रॅम दहा मिनिटांत, मग १ ग्रॅम आठ तासांत. अट एकच, दुखापतीपासून तीन तासांच्या आत. त्यानंतर दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढलेले दिसले. औषध स्वस्त आहे, कपाटात राहतं, वीज लागत नाही. एखाद्या हॉस्पिटलात हे नसेल तर फ्रीझरचा विषय तिथे काढूच नये.

आता गोठवलेला प्लाझ्मा, म्हणजे एफएफपी. उणे ३० अंशांवर वर्षभर टिकतो. पिशवी २०० ते २५० मिलीची. साठ किलोच्या माणसाला निदान तीन-चार लागतात. अडचण वितळवण्याची. ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये (पाणी ठरावीक तापमानाला ठेवणाऱ्या भांड्यात) वीस ते तीस मिनिटं जातात. घाई करून उकळतं पाणी वापरलं तर ज्या प्रथिनांसाठी आटापिटा चाललाय तीच मरतात. एकदा वितळला की फ्रीजमध्ये २४ तास, परत गोठवता येत नाही. शिवाय गट माहीत नसलेल्या रुग्णाला एबी गटाचा प्लाझ्मा लागतो (लाल पेशी द्यायच्या तर ओ गट चालतो, त्याच्या नेमकं उलट), आणि एबी रक्तदाते शंभरात दहासुद्धा भरत नाहीत.

परदेशातले आकडे वाचताना रस्ता डोळ्यांसमोर ठेवा. २०१८ साली अमेरिकेत हेलिकॉप्टरमधून नेताना ५०१ रुग्णांवर पॅम्पर अभ्यास झाला. वाटेतच प्लाझ्मा मिळालेल्यांत तीस दिवसांतले मृत्यू २३.२ टक्के, न मिळालेल्यांत ३३ टक्के. त्याच वर्षी डेन्व्हर शहरात, साध्या ॲम्ब्युलन्समध्ये, कॉम्बॅट अभ्यासात काहीच फायदा दिसला नाही. तिथे हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर होतं. दोन्हींची माहिती एकत्र केली तेव्हा प्रवास वीस मिनिटांपेक्षा लांबतो तिथेच फायदा दिसला. ब्रिटनमधल्या रेफिल अभ्यासात (४३२ रुग्ण) लाल पेशी आणि सुका (पावडर केलेला) प्लाझ्मा वाटेत देऊनही सलाईनपेक्षा सरस ठरला नाही. पुरावा एकमुखी नाही, हे मान्य करूनच पैसे घालावेत. तरी माझा कल प्लाझ्माकडे आहे, कारण आपला रस्ता डेन्व्हरचा नाही. वैभववाडीहून करूळ घाट चढून कोल्हापूर, नाहीतर सावंतवाडीहून गोव्यातलं बांबोळीचं मोठं सरकारी हॉस्पिटल. वीस मिनिटांत इथे काहीच होत नाही.

पण पॅम्परमधला प्लाझ्मा आधीच वितळवलेला होता, हे विसरू नका. एका मे महिन्यात आंबे काढताना फांदी मोडून पडलेला एक तरुण माझ्यापुढे आला, कमरेचं हाड मोडलेलं. ॲम्ब्युलन्स दारात उभी होती आणि मी "प्लाझ्मा वितळतोय, दोन पिशव्या लावूनच पाठवू" म्हणून त्याला थांबवलं. पंचवीस मिनिटं गेली. तो वाचला, पण ऑपरेशन टेबलावर तेवढा उशिरा पोचला, आणि ती पंचवीस मिनिटं मला आजही टोचतात. तेव्हापासून आमच्याकडे अपघाताचा फोन आला की आधी पिशवी पाण्यात आणि मग खाट तयार. गाडी थांबवून प्लाझ्मा वितळवायचा नाही.

विजेचंही तेच. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडातली कित्येक गावं आठवडे अंधारात होती. जनरेटर आणि तापमानाचा अलार्म नसेल तर डीप फ्रीझर म्हणजे नुसतं कपाट.

सुका प्लाझ्मा या सगळ्यावर उतारा आहे. जर्मनी, फ्रान्स, दक्षिण आफ्रिकेत तो वापरतात. साध्या तापमानाला राहतो, पाणी घालून काही मिनिटांत तयार होतो. कोकणच्या दमट हवेला आणि लांबच्या रस्त्याला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. तालुक्याच्या हॉस्पिटलाला मात्र आज तो हिशोबात धरता येत नाही.

ज्या रक्तपेढीत घटक वेगळे करायची सोय नाही तिथून होल ब्लड येतं, आणि त्याला कमी लेखू नये. पेशी आणि प्लाझ्मा एकाच पिशवीत, वितळवणं नाही. साठवणीत काही गोठवणारे घटक कमी होतात, त्यामुळे जितकं ताजं तितकं बरं. क्रायो किंवा पीसीसीची (गोठवणारे घटक एकवटलेली) महागडी इंजेक्शनं सरसकट देऊ नका; २०२३ च्या दोन मोठ्या अभ्यासांत फायदा दिसला नाही, पीसीसीने उलट नको तिथे गुठळ्या वाढल्या.

काहीही द्या, सोबत कॅल्शियम विसरू नका. रक्त गोठू नये म्हणून पिशवीत घातलेलं सायट्रेट ते ओढून घेतं. प्लाझ्मा चालू असताना दम लागला तर आधी पिशवी बंद.

तुमच्याकडे सर्जन आणि थिएटर आहे? मग प्लाझ्मा ठेवाच, लाल पेशींच्या जोडीने, शक्यतो एकास एक. २०१५ च्या प्रॉपर अभ्यासात या प्रमाणाने एकूण मृत्यूंत ठळक फरक पडला नाही, पण पहिल्या २४ तासांत रक्त वाहून दगावणारे १४.६ वरून ९.२ टक्क्यांवर आले. सर्जन वीस मिनिटांच्या आत असेल तर दाब द्या, कमरेला चादर आवळा, ट्रानेक्झॅमिक द्या आणि गाडी सोडा.

माझा मित्र मधला आहे. सर्जन नाही, आणि जवळचं थिएटर पन्नास मिनिटांवर. त्याला म्हटलं, आधी रक्त साठवण केंद्राची परवानगी काढ, मोठ्या रक्तपेढीशी करार कर, लाल पेशींचा फ्रीज घे. रात्री दोनला फोन आला तर वॉटर बाथ कोण लावणार, त्या माणसाचं नाव ठरव. ते ठरलं की फ्रीझर घे.