दहा अंकी सायंटिफिक कॅल्क्युलेटर: ४२९४९६७२९७ वर पारखून

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात किंवा लातूरच्या ट्यूशन एरियात अवयव पाडणारं ‘फॅक्ट’ बटण असलेला कॅल्क्युलेटर घेत असाल, तर दुकानातच एक संख्या टाकून बघा: ४२९४९६७२९७. म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. दहा अंकांची असल्याने पडद्यावर नेमकी मावते. फ्रेंच गणिती फर्माला ती मूळ संख्या वाटत होती. ६४१ ने तिला भाग जातो हे स्विस गणिती ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं.

२, घात, ३२, मग उजवा बाण, अधिक १, बरोबर. त्यानंतर शिफ्ट आणि फॅक्ट. बाण हमखास विसरतो. मग १ घातातच जातो आणि ८५८९९३४५९२ येतं. तेही दहाच अंकी, म्हणून चूक लक्षात येत नाही. शेवटचा अंक ७ आहे ना, एवढं बघा.

उत्तर येतं ६४१ × (६७००४१७). इथे कंसाचा अर्थ पोरं हटकून चुकवतात. यंत्र फक्त तीन अंकी मूळ संख्यांपर्यंत भाग देऊन बघतं. पुढे जे उरलं ते कंसात टाकतं. ते मूळ असेल किंवा नसेलही. कंसातली संख्या १००९ (पहिली चार अंकी मूळ संख्या) च्या वर्गापेक्षा, म्हणजे १०१८०८१ पेक्षा लहान असेल तर ती मूळच. ६७००४१७ त्याहून मोठी आहे, तेव्हा पुढचं काम आपलं.

ते काम मोठं नाही. आपण टाकलेल्या ४२९४९६७२९७ चा प्रत्येक मूळ अवयव १२८ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असतो. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या पुढे थोडंसं. तिथपर्यंत या साच्यात बसणाऱ्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. ६७००४१७ ला यांनी भागलं की उरणारी बाकी अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकानेही भाग जात नाही, म्हणजे ६७००४१७ मूळ. बाकी काढताना दशांशाचा भाग भाजकाने गुणू नका, शेवटचा अंक घसरतो. पूर्णांक भागाकार घ्या, गुणा, वजा करा.

पडदा मात्र मराठवाड्याच्या मे महिन्याला सोसत नाही. उन्हात गाडीच्या डिक्कीत राहिला की काळा पडतो. सावलीत थंड होऊ द्या, बहुतेक वेळा पूर्ववत होतो. जेईई मेनसाठी घेत असाल तर पैसे वाचवा, तिथे नेता येत नाही. आकड्यांशी खेळायची खरी हौस असेल तर जरूर घ्या.

मोठी मर्यादा दहा अंकांची. २ चा ६४ वा घात अधिक १ टाकलं की १.८४४६७४४०७ × १०¹⁹ येतं, तो १ गडप होतो आणि फॅक्ट एरर देतं. तरीही २७४१७७ ने तिला भाग जातो हे याच यंत्रावर तपासता येतं. २ चा ३२ वा घात, ४२९४९६७२९६, याला २७४१७७ ने भागा, बाकी २५८७६८. ही भाजकापेक्षा १५४०९ ने कमी. २ चा ६४ वा घात म्हणजे ३२ व्या घाताचा वर्ग, म्हणून बाकीचा वर्ग करायचा. बाकीऐवजी हा १५४०९ धरला की वर्ग छोटा राहतो: २३७४३७२८१. त्यात १ मिळवून २७४१७७ ने भागा. ८६६ येतात, बाकी शून्य.