ट्राइकच्या परवान्याचं प्रशिक्षण: माझा अनुभव

वीस वर्षं दुचाकी चालवली, मग गुडघ्याने साथ सोडली. गाडी पायावर तोलणं जमेना, म्हणून ट्राइकच्या, म्हणजे तीनचाकी मोटारसायकलच्या, प्रशिक्षणाला नाव घातलं. पहिला तास अक्षरशः घाम फोडणारा होता. दुचाकीवर वेगात उजवीकडे जायचं तर आपण नकळत हँडलची उजवी मूठ पुढे ढकलतो. ट्राइकवर तेच केलं आणि गाडी डावीकडे निघाली! इथे गाडी झुकत नाही, जिकडे जायचं तिकडेच हँडल वळवायचं आणि अंग वळणाच्या आतल्या बाजूला न्यायचं. वेग जास्त असेल तर आतलं चाक उचललं जातं. म्हणून वेग वळणाआधीच कमी करायचा, हे प्रशिक्षकांनी माझ्याकडून न कंटाळता घोटून घेतलं.

थांबताना पाय खाली टेकवायची सवय मोडणं सगळ्यात कठीण गेलं. मागची रुंद चाकं पायावरून जाऊ शकतात, त्यामुळे पाय फूटरेस्टवरच. ही सवय मोडल्याबद्दल प्रशिक्षकांना पैकीच्या पैकी गुण.

तक्रार एकच. रिव्हर्सचा सराव जेमतेम दहा मिनिटं मिळाला, आणि गाडी फक्त मागे दोन चाकांची. पुढे दोन चाकांची एकदा तरी द्यायला हवी होती.

नाव घालण्याआधी परवान्याचा नियम नक्की विचारा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तीनचाकीची मान्यता वेगळी असते, तिच्यावर दुचाकी चालवता येत नाही. ब्रिटनमध्ये 2013 पासून निव्वळ कारच्या नव्या परवान्यावर ट्राइक चालत नाही. मला पुन्हा दुचाकीवर बसायचंच नव्हतं, त्यामुळे माझं काही अडलं नाही.