धरमपेठेतील पोकर वर्ग: समोरच्याच्या चिप्स मोजायला शिकवणारे चार रविवार

नागपूरच्या धरमपेठेत एका घराच्या पहिल्या मजल्यावर भरणाऱ्या पोकरच्या वर्गाला मी मे महिन्यात सलग चार रविवार गेलो. विषय एकच होता: टेक्सास होल्डेममध्ये (पोकरचा हा प्रकार: प्रत्येकाला दोन लपवलेले पत्ते, टेबलावर पाच सामायिक) समोरच्याकडे २० बिग ब्लाइंडपेक्षा (बिग ब्लाइंड म्हणजे प्रत्येक डावाआधी एका खेळाडूने सक्तीने लावायची रक्कम; चिप्स याच मापात मोजतात, पुढे नुसते ‘ब्लाइंड’) कमी चिप्स उरल्या असतील, तर आपला खेळ कसा बदलायचा. येथे पैसे लावून खेळत नाहीत. शुल्क फक्त शिकवणीचे असते आणि चिप्स दुपारी मोजून डब्यात परत जातात. २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आल्यानंतर मला समोरासमोर बसून अभ्यास करता येईल अशी जागा हवी होती, ती मिळाली.

सरांची पद्धत मला फार आवडली. आपले पत्ते पालथेच ठेवायचे, आपल्यानंतर खेळणाऱ्या प्रत्येकाकडे किती बिग ब्लाइंड आहेत ते मोठ्याने सांगायचे आणि मगच पत्ते उचलायचे. आपल्यापुढे ८०चा ढीग असला तरी समोर ८ असतील, तर तो डाव ८चाच असतो, हे चार वेळा ऐकून पटत नाही. चाळीस वेळा मोजून पटते. छोट्या जोडीचे उदाहरणही त्यांनी छान उलगडले. हातात पंजीची जोडी असताना फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन सामायिक पत्त्यांत) तिसरी पंजी येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे आठ-नऊ वेळांत एकदा. तेवढ्यासाठी अडीच ब्लाइंड घालून वाट पाहायची, तर ती लागल्यावर भरपूर मिळायला हवे. ज्याच्याकडे एकूण दहाच आहेत, त्याच्याकडून ते मिळणार कुठून? म्हणून अशा खेळाडूपुढे एक्का-राजासारख्या मोठ्या पत्त्यांचा भाव वाढतो.

तिसऱ्या रविवारचा एक डाव माझ्या मनात पक्का बसला आहे. मी बटणावर (डीलरच्या जागेवर; माझ्यानंतर फक्त दोन ब्लाइंडवाले उरतात) होतो आणि हातात किलवरची दश्शी-नव्वी होती. सवयीप्रमाणे मी अडीच ब्लाइंडचा रेज केला, म्हणजे बोली वाढवली; स्मॉल ब्लाइंडने (बिग ब्लाइंडच्या निम्मी सक्तीची रक्कम लावणाऱ्याने) पत्ते टाकले आणि बिग ब्लाइंडवर बसलेल्या काकांनी आपले आठही ब्लाइंड पुढे सरकवले, म्हणजे ऑल-इन केले. हात साधाच आहे, असे समजून मी फोल्ड केले, म्हणजे पत्ते टाकले. सरांनी डाव थांबवून फळ्यावर आकडे मांडले: पॉटमध्ये (मधल्या ढिगात) ११ ब्लाइंड होते, मला घालायचे होते साडेपाच, म्हणजे जिंकण्याची शक्यता एक तृतीयांशाहून जास्त असेल, तर कॉल (तेवढ्या चिप्स घालून डावात राहणे) फायद्याचा होता. काकांनी पत्ते उलटले, तर बदामचा एक्का आणि इस्पिकचा राजा. त्यांच्यापुढेही माझ्या हाताला सुमारे ४० टक्के संधी होती. खरी चूक मात्र त्याआधीची होती. मागे ८ ब्लाइंडवाला बसला असताना त्याच्या ऑल-इनला काय उत्तर द्यायचे, हे ठरवूनच रेज करायला हवा होता. त्याचप्रमाणे, ज्याने आठपैकी तीन ब्लाइंड आधीच घातले आहेत तो सहसा पत्ते टाकत नाही, म्हणून त्याच्यावर ब्लफ वाया जातो.

उणिवाही सांगायला हव्यात. आठ जणांच्या टेबलाभोवती अकरा जण होते आणि कूलरचा झोत थेट टेबलावर येत असल्याने मांडलेले पत्ते उडत, त्यामुळे ऐन हिशेबाच्या वेळी लक्ष विचलित होई. तक्त्यांच्या झेरॉक्स इतक्या फिकट होत्या की मी घरी येऊन त्या वहीत उतरवून काढल्या. सर्वांत मोठी खंत आयसीएमची (चिप्सची किंमत बक्षिसाच्या पैशांत काढण्याची पद्धत). स्पर्धेच्या अखेरीस बक्षिसांच्या पायऱ्यांमुळे, गमावलेल्या चिप्सची किंमत तितक्याच मिळवलेल्या चिप्सपेक्षा जास्त ठरते, आणि म्हणून फळ्यावरच्या हिशेबात बसणारा कॉलही कधी कधी सोडावा लागतो. हा भाग शेवटच्या अर्ध्या तासात उरकला गेला. त्याला एक पूर्ण रविवार द्यायला हवा होता.

हातांची क्रमवारी आणि पॉट ऑड्स (पॉटच्या तुलनेत कॉल परवडतो का, याचा हिशेब) ज्यांना येतात, त्यांनी हा वर्ग जरूर करावा. अगदी नवख्यांनी आधी घरच्यांबरोबर महिनाभर खेळून मग नाव नोंदवावे.