राज्याचा सीआयओ की खात्याचा?

अमेरिकेत राज्य सरकारच्या आयटीत मुरलेल्या माणसाला कधीतरी हा पेच पडतोच: सीआयओ, म्हणजे आयटीचा प्रमुख, व्हायचं ते अख्ख्या राज्याचं की एका खात्याचं?

अधिकार: राज्याचा सीआयओ धोरण, सुरक्षेचे नियम आणि सामायिक सेवा बघतो. कॅलिफोर्नियात तर खात्यांच्या मोठ्या प्रकल्पांना त्याच्या विभागाची टप्प्याटप्प्याने मंजुरी लागते. पण रोजची प्रणाली खात्याच्याच गळ्यात असते. एप्रिल २०२० मध्ये बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल ही जुनी प्रोग्रामिंग भाषा येणारे स्वयंसेवक जाहीरपणे मागावे लागले. दशकांपूर्वीचा कोड, समोर नोकरी गेलेली माणसं. अशा वेळी रात्री जागते ती खात्याची टीम, आणि मला तेच काम जास्त मोलाचं वाटतं.

स्थैर्य: कॅलिफोर्नियात राज्याचं पद गव्हर्नरच्या मर्जीवर असतं, टेक्सासात नेमणूक मंडळ करतं. तेव्हा राज्य बघूनच ठरवा. खात्यात सहसा नोकरीची शाश्वती जास्त.

पगार: खासगी क्षेत्राशी तुलना नकोच.

बजेटसाठी विधिमंडळात झगडायची आणि अनेक खातेप्रमुखांची मनं वळवायची तयारी असेल, तर राज्याचं पद घ्या. एकच प्रणाली मुळापासून सुधारून लोकांचे पैसे वेळेवर पोचवायचे असतील, तर खातंच बरं.