प्लिकर्स: एक मोबाइल, कागदी कार्डं आणि वर्गात न बोलणारी मुलं

मराठी माध्यमात इंग्रजी शिकवणाऱ्या कुणीही मला विचारलं, की तास रंगवायला कुठलं डिजिटल साधन वापरू, तर मी पहिलं नाव प्लिकर्सचं घेते. आमची शाळा देवगड तालुक्यात, सड्यावर. आठवीचा पट चाळिसाच्या आत. वर्गात एक टीव्ही, माझा स्वतःचा मोबाइल आणि पावसाळ्यात कधीही जाणारी लाईट. मुलांकडे टॅब नाहीत आणि घरातला मोबाइल वडलांबरोबर होडीवर नाहीतर कलमांच्या बागेत गेलेला असतो. इथे जे चालतं ते कुठल्याही शाळेत चालेल.

प्रत्येक मुलाच्या हातात त्याच्या नंबराचं एक कागदी कार्ड असतं. त्यावर क्यूआर कोडसारखी काळी आकृती, प्रत्येकाची निराळी. आकृतीच्या चार कडांना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी छापलेलं. जे उत्तर बरोबर वाटतं ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. मी मोबाइलवर प्लिकर्सचं ॲप उघडून कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवते, की कोणी काय उत्तर दिलं ते नावानिशी माझ्या स्क्रीनवर उमटतं. अक्षरं इतकी लहान आणि आकृत्या इतक्या वेगळ्या, की शेजारच्याचं बघून धरायला काही वावच नाही. माझ्या मते खरी किमया इथेच आहे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे आठवीतलं मूल सात वर्षं ती भाषा ऐकून आलेलं असतं. तरी "समजलं का?" विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "येस बाई" म्हणतो आणि त्या सुरातून मला काहीही कळत नाही. हात वर करणारी तीच चार-पाच मुलं. बाकीच्यांना येत नसतं असं नाही. चुकलं तर सगळे हसतील ही धास्ती असते. कार्ड वर धरलं की उत्तर फक्त बाईंना कळतं, म्हणून हात चटकन वर जातो.

एक उदाहरण देते. आमच्याकडे 1 जूनला मासेमारीची बंदी लागते ती 31 जुलैपर्यंत. हे मुलांना पुस्तकात वाचावं लागत नाही. म्हणून ऑगस्टमध्ये मी प्रश्न घातला: 'डिड द बोट्स ___ फिशिंग यस्टर्डे?' पर्याय होते स्टार्ट, स्टार्ट्स, स्टार्टेड आणि स्टार्टिंग. कार्डं वर गेली आणि मोबाइलवर लाल, म्हणजे चुकलेल्या, नावांची रांगच लागली. निम्म्या वर्गाने स्टार्टेड धरलं होतं. त्यांचा विचार साफ दिसत होता: गोष्ट कालची, तर क्रियापदही भूतकाळी. डिडने तो भार आधीच उचललाय, हे ध्यानात आलेलं नव्हतं. मी उत्तर सांगितलं नाही, टीव्हीवर आकडेही दाखवले नाहीत. म्हटलं, शेजारच्याला पटवून द्या, मराठीत द्या, मालवणीत द्या. वर्गात नुसता कलकलाट. कधी तोंड न उघडणारी मागच्या बाकावरची मुलगी शेजारणीला ठासून सांगत होती, "डिड इलो मां, मगे परत ईडी कित्याक?" म्हणजे डिड आलं ना, मग क्रियापदाला पुन्हा 'ed' कशाला? तिचं नाव माझ्या मोबाइलवर पहिल्या फेरीपासून हिरवं होतं. दुसऱ्या फेरीत बहुतेक नावं हिरवी झाली आणि मला फळ्यावर नियम लिहायची गरजच पडली नाही.

आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा उत्तर, ही पद्धत हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी 1990 च्या दशकात रुजवली. इंग्रजी व्याकरणाला ती इतकी चपखल बसते, की प्लिकर्स घेऊन नुसती चाचणी घेणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, दुसरी फेरी सोडू नका. तास जिवंत होतो तो तिथे.

कहूटही मी पाहिलं आहे. नॉर्वेतलं हे प्रश्नमंजुषेच्या खेळाचं साधन 2013 पासून लोकांच्या वापरात आहे. संगीत, रंग, गुण, सगळं झकास. पण त्यात उत्तर द्यायला मुलांच्या हातात मोबाइल किंवा संगणक लागतो आणि नेहमीच्या खेळात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. अक्षर-अक्षर जुळवून वाक्य वाचणाऱ्या मुलाला हा वेग जाचक होतो. संगणक कक्ष असेल तर गट पाडून अधूनमधून जरूर खेळावं. वर्डवॉल हे शब्दखेळांचं साधन टीव्हीवर लावून शब्दांच्या जोड्या लावायला छान आहे, उजळणीला मी वापरते. फक्त एक मूल पुढे येऊन खेळतं तेव्हा बाकीचे बघत बसतात.

आता कामाच्या गोष्टी. चाळीस कार्डांचा संच प्लिकर्सच्या साइटवरून फुकट उतरवता येतो. एका ए-फोर कागदावर दोन कार्डं, म्हणजे वीस झेरॉक्स. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. चकचकीत लॅमिनेशन अजिबात नको, खिडकीचा उजेड त्यावर परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. करायचंच तर मॅट करा. बोटं आकृतीवर येऊ देऊ नका, हे सुरुवातीला वारंवार सांगावं लागतं. जुलैत आभाळ भरून वर्गात काळोख झाला, की आम्ही सरळ पडवीत जातो. टीव्ही बंद असेल तर प्रश्न फळ्यावर लिहायचा, काही अडत नाही. नेट मात्र हवं. मी प्रश्न घरी रेंजमध्ये बसून भरते आणि शाळेत मोबाइलचाच डेटा वापरते.

मर्यादा स्पष्ट आहेत. चारच पर्याय, बाकी काही नाही. मूल इंग्रजीत बोललं का, त्याने स्वतःचं वाक्य रचलं का, हे कार्ड सांगत नाही. त्यासाठी वेगळा वेळ काढावाच लागतो. आणि सगळी मेहनत चुकीच्या पर्यायांत आहे. ते मनाने रचले तर मुलं झटकन ओळखतात. मी मुलांच्या निबंधाच्या वह्यांतल्या चुका उचलते, त्यांनी खरोखर लिहिलेल्या. मग प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे काय विचार झाला असेल ते मला दिसतं आणि प्लिकर्सच्या अहवालावरून कुणाला कुठे पुन्हा बसवायचं तेही ठरवता येतं.

रोज वापरू नका, दहा मिनिटांच्या वर लांबवू नका. आणि कार्डं घरी देऊ नका, पावसात दप्तरं भिजतात. नंबरवारी लावून, रबर घालून वर्गाच्या कपाटात ठेवा. वाटायचं काम एका मुलाकडे सोपवलं, की तास सुरू व्हायच्या आत प्रत्येकाच्या हातात आपापलं कार्ड असतं.