‘थोडा वास येणारच’ म्हणाला, तिथेच उठायला हवं होतं

फवारणीची संरक्षक साधनं विकणाऱ्या एका फिरत्या विक्रेत्यापायी आम्हा शेतकऱ्यांचे ५१,१२० रुपये गेले. फवारताना घालायचे २२ किट (मास्क, हातमोजे, सूट), प्रत्येकी १,८५० प्रमाणे ४०,७००. जादा फिल्टर ४४, प्रत्येकी १८०, म्हणजे ७,९२०. वर ‘प्रशिक्षण शुल्क’ २,५००. वीस हजार यूपीआयने, उरलेले ३१,१२० रोख, कच्च्या पावतीवर. अर्धे पैसे अनुदान म्हणून खात्यात परत येणार, असं तो म्हणाला होता. ते आले नाहीत, हे इंदूरच्या आसपास शेती असलेल्यांना सांगायला नको.

आम्ही हावेपोटी फसलो नाही. सोयाबीनवर चक्री भुंगा ही कीड पडली होती आणि मजूर उघड्या तोंडाने पंप उचलायला तयार नव्हते. त्यांचं बरोबरच होतं. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते कोण विसरलंय? म्हणून घाई केली.

पण प्रात्यक्षिकाला त्या विक्रेत्याने पंपात साधं पाणी भरलं. कोणीतरी विचारलं, मास्कमधून औषधाचा, म्हणजे कीटकनाशकाचा, वास येईल का? तो म्हणाला, ‘थोडा वास येणारच.’ तिथेच उठायला हवं होतं! वाफ अडवणाऱ्या फिल्टरमधून वास आला, तर एक तर फिल्टर संपलाय, नाही तर मास्क चेहऱ्याला नीट बसलेला नाही. हेच आम्ही दर हंगामात मजुरांना सांगतो. त्या दिवशी मात्र माना डोलावल्या.

नंतर एक फिल्टर करवतीच्या पात्याने कापला. आत काळा फोम, खाली कापसाची चकती. वाफ शोषणाऱ्या कोळशाचा एक दाणा नाही. युरोपीय मानकाच्या फिल्टरवर वाफेसाठी तपकिरी पट्टा असतो, कणांसाठी पांढरा. अमेरिकी मानकात वाफेचा पट्टा काळा. आमच्या फिल्टरवर निळं स्टिकर होतं, पाकिटावर बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता. साधा एन-९५ कण अडवतो, वाफ नाही. मास्क घेताना दोन्ही फिल्टरवर तळवे दाबून श्वास आत ओढा. मास्क गालांना चिकटला नाही तर घेऊ नका. दाढी असेल तर फट राहतेच.

हातमोजे दवाखान्यातले पातळ लॅटेक्सचे निघाले. लागतात जाड, कोपरापर्यंतचे, नायट्राइल या कृत्रिम रबराचे, कारण सगळ्यात मोठा धोका बाटलीतलं घट्ट औषध ओतताना असतो. सुटावर पाण्याचा थेंब टाकला, तो जिरला. आणि विष बहुतेक कातडीतूनच शिरतं, नाकातून त्यामानाने कमी.

खरा संताप पुढे आहे. किट आहे म्हणून माणसं निर्धास्त झाली. तोच सूट तीन-तीन दिवस घातला, घरी नेऊन चुलीजवळच्या खुंटीला टांगला. तो धुतला बायकांनी, उघड्या हातांनी, पोरांच्या कपड्यांबरोबर. काहीच घेतलं नसतं तर निदान सगळे भीत तरी राहिले असते.

तक्रार? कीटकनाशकांची दुकानं तपासणारे साहेब म्हणाले, मास्क हे औषध नाही. पाकिटावरची माहिती तपासणाऱ्यांनी पक्कं बिल मागितलं. चौकीत म्हणाले, हा व्यवहाराचा वाद आहे, कोर्टात जा. चार खेपा, चार अर्ज, एकाचीही पोच नाही. कापलेला फिल्टर टेबलावर ठेवला तर एकाने तो बाजूला सारून चहा मागवला. उद्या कोणी फवारताना कोसळला, तर हेच लोक ‘सुरक्षा साधनं का वापरली नाहीत’ असं विचारतील!

तुम्ही पक्कं बिल घ्याच. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुवा. हातमोजे काढण्याआधी ते साबणाने धुवायचे. सोयाबीन बुटकं, फवारताना हात खाली असतो, म्हणून बाही हातमोज्याच्या वरून. विजार बुटाच्या बाहेर. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका, जुन्या टूथब्रशने साफ करा. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग तिला भोकं पाडा. तिच्यात घरात तेल भरलेलं आम्ही पाहिलंय.

तो माणूस आता नव्या नंबरवरून शेजारच्या धार जिल्ह्याकडच्या गावांत फिरतोय. किट तेच आहे, स्टिकर हिरवं झालंय.