मीड बनवायची किट: पहिली बॅच वाया, दुसरी जमली (३ स्टार)

मागच्या वर्षी पुण्यात मूनशाईन कंपनीची मीड, म्हणजे मध आंबवून केलेली दारू, प्यायलो, तेव्हापासून डोक्यात किडा होता की मध, पाणी आणि यीस्ट एवढंच तर लागते, मग घरी काऊन नाही जमणार. म्हणून सप्टेंबरात ही किट ऑनलाईन मागवली, २,६०० ला. ५ लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी, भोक असलेलं झाकण, एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडते, बाहेरची हवा आत येऊ देत नाही), सायफनची नळी, हायड्रोमीटर (द्रव किती दाट, म्हणजे त्यात साखर किती, ते दाखवते), यीस्टची २ पाकिटं, न्यूट्रियंटची पुडी, सॅनिटायझर आणि ८ पानांची पुस्तिका. मध येत नाही हे लक्षात ठेवा, तो दीड किलो वेगळा घ्यावा लागते.

सामान चांगलं आहे, आधीच सांगतो. बरणीची काच जाड आहे, पॅकिंग इतकं की फोडायलाच अर्धा तास गेला. सगळी गडबड त्या पुस्तिकेत आहे.

पहिली बॅच ऑक्टोबरच्या पहिल्या हप्त्यात टाकली. दुकानातला साधा मध, कोमट पाणी, एकूण साडेचार लिटर, हायड्रोमीटर १.०९७ वर, एकदम मस्त वाटलं. आता आपल्याकडचा ऑक्टोबर तुम्हाला माहीत आहे, कूलर नुकतेच काढून ठेवलेले आणि घरात दुपारी ३२ डिग्री. पुस्तिकेत लिहिलंय "सामान्य तापमानाला ठेवा". कोणाचं सामान्य बाप्पा? पाकिटातलं यीस्ट होतं डी-४७ नावाच्या जातीचं, आणि मीड बनवणारे सगळे हेच सांगतात की याला २० च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर ते तापते आणि नको ते अल्कोहोल बनवते. हे मला नंतर समजलं. महिनाभराने चाखली तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आणि घशात नुसता जाळ. काही महिने ठेवली तर जाळ थोडा कमी होते म्हणतात पण माझी हिंमत नाही झाली, बेसिनमध्ये ओतली.

त्याच्याही आधी एक कांड झालं. मधात यीस्टला लागणारं नायट्रोजन फार कमी असते, म्हणून न्यूट्रियंट द्यावं लागते, नाहीतर यीस्ट उपाशी राहून सडक्या अंड्यासारखा वास सोडते. पुस्तिका म्हणते तिसऱ्या दिवशी पूर्ण पुडी टाका. मी झाकण काढलं आणि कोरडी पुडी सरळ वरून ओतली. बरणीतल्या पाण्यात यीस्टने बनवलेला गॅस आधीच भरून असते ना, ती पावडर पडल्या पडल्या सगळा फेस उसळून वर, ओट्यावर, गॅसच्या शेगडीखाली, तिथून टपटप फरशीवर. पुसेपर्यंत खिडकीतून मुंगळ्यांची रांग लागली होती. आई दारात उभी राहून म्हणे, "दूध उतू गेलेलं समजते रे, हे काय उतू घातलं तू?" दोन दिवस ओटा चिकट होता. तर पुडी आधी हळूहळू ढवळून गॅस काढल्यावर, थोड्या पाण्यात कालवून, तीन-चार दिवसात वाटून टाका. एवढी एक ओळ छापायला किती पैसे लागतात?

दुसरं पाकीट डिसेंबरात वापरलं. यावेळी चिखलदऱ्याहून आणलेला मध, आग्या मोहोळाचा, तो पातळ असते म्हणजे पाण्याचा अंश जास्त, म्हणून तेवढ्याच मधात रीडिंग १.०९२ च आलं. दोन संत्र्यांची साल टाकली, आतला पांढरा भाग पूर्ण काढून, तो कडू करते. बरणी टबात पाण्यात उभी केली, वरून ओलं फडकं गुंडाळलं, माठाला करतो तसंच, आणि उत्तरेकडच्या खोलीत ठेवून दिली. थंडीचे दिवस, पारा १८-१९ च्या वर गेलाच नाही. रात्रभर एअरलॉकची गुडगुड चालायची, बाबा दोनदा उठून नळ पाहून आले. चार हप्त्यांनी रीडिंग १.०००, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या रीडिंगमधला फरक गुणिले १३१ धरला तर १२ टक्के अल्कोहोल. नळीने गाळावरून दुसऱ्या भांड्यात काढली (नळी आखूड आहे, बरणी खुर्चीवर ठेवावी लागली) आणि एप्रिलपर्यंत हात नाही लावला. रंग फिक्या चहाचा, संत्र्याचा वास आधी येते आणि मध सगळ्यात शेवटी, गोड अजिबात नाही. गोड पाहिजे असणाऱ्याला नाही आवडणार, मला जाम आवडली.

मामा वकील आहेत, त्यांना पहिला ग्लास दिला. तो संपवला, दुसरा भरून घेतला, आणि मग शांतपणे म्हणतात, "भाचेबुवा, महाराष्ट्रात लायसनशिवाय घरी हे बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, माहीत आहे ना?" मला कुठचं माहीत. विकणाऱ्याच्या पेजवर नाही, पुस्तिकेत नाही, डब्यावर नाही. एक स्टार त्याचा कापला, एक तापमानाचा.

बरणी धुवून आईला दिली. तिने त्यात लिंबाचं लोणचं घातलं आहे, झाकणाच्या भोकावर फडकं बांधून. काचेला पाच स्टार.